बोडीतली बुढी

गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, उमेंद्र कापगते. तसे दोन-चार जण मुंबईला जाऊन चौपाटीवर पाय भिजवून आले होते, पण त्याला गावात कुणी समुद्र पाहणं म्हणत नसे. उमेंद्र समुद्रावर राहिला होता. तिथेच जेवला, तिथेच झोपला, तिथेच तापाने फणफणला आणि तिथेच बरा झाला. त्यामुळे परत आल्यावर त्याचं आडनाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. 'समुद्रवाल्याचं घर' म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं.

पानठेल्यावर गेला की सुरू व्हायचं.

"काय बे समुद्रवाल्या, बोडीत जहाज कधी आणून राहिला?"

"जहाज येईन, पन तुहं पोट मावलं पायजे ना त्यात," उमेंद्र म्हणायचा, आणि ठेला हसायचा. तोही हसायचा. पण कुणी "तिकडे कोनते कोनते जनावर पायले?" असं विचारलं की तो सुपारी तोंडात टाकून घराची वाट धरायचा. लोकांना वाटायचं, समुद्रावर राहून पोरगा थोडा शिष्ट झाला.

गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, प्रतापगडच्या डोंगराकडे तोंड करून बसलेलं. कापगत्यांची धानाची शेती, आणि शेताच्या वरच्या अंगाला त्यांची स्वतःची बोडी. बोडी म्हणजे लहान तलाव. कुणा पणजोबाने मातीची पार घालून पावसाचं पाणी अडवलं, त्यावर आजवर धान पिकत आला. पारीवर मोहाची दोन झाडं, काठाला बेशरमाची झुडपं, आणि पाण्याला लागून एक सपाट दगड. त्या दगडावर उमेंद्रची आई, वच्छला, रोज सकाळी भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घासायला जायची. गंजाच्या बुडाला लागलेली खरड ती दगडाच्या कडेला ठेवायची आणि दोन पावलं मागे सरून बसायची.

थोड्या वेळाने पाण्यातून नळीसारखं नाक वर यायचं. मग सुरकुतलेली मान, मग परातीएवढी मऊ, चामड्यासारखी पाठ. ती बुढी. बोडीतलं कासव. कधी आलं, कुणी आणलं, कुणाला ठाऊक नाही. वच्छला लग्न होऊन या घरात आली तेव्हाही ते बोडीत होतं. पाठीच्या कडेला एक खाच होती. उमेंद्रचा बाप चैतराम गाळ काढत असताना फावडं लागलं होतं, त्याची. चैतराम जाऊनही बरीच वर्षं झाली होती. वच्छला कधीतरी त्या खाचेकडे बघून म्हणायची, "बुढ्याची निशाणी ठेवली हाय तिनं."

उमेंद्रने डिझेल मेकॅनिकचा आयटीआय केला होता. इकडे काम मिळेना, म्हणून साकोलीच्या एका दोस्ताबरोबर तो कोकणातल्या एका बंदरावर बर्फाच्या कारखान्यात गेला. तिथून एका ट्रॉलरच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, त्याला उचललं. इंजिन समजणारा पोरगा बोटीवर हवाच होता.

निघताना वच्छलाने त्याला बोडीवर नेलं होतं.

"हिच्या पाया पड."

"कासवाच्या?"

"पड म्हनलं ना. पानी सारं एकच असते बाबू. इथलं नाल्यात जाते, नाला नदीत, नदी समुद्रात. ही इथून सांगन तिकडच्यायले, माहा पोरगा येऊन राहिला म्हनून."

उमेंद्र हसला होता, आणि पाया पडलाही होता.

ट्रॉलरचं काम त्याला लवकर उमगलं. पिशवीसारखं लांबलचक जाळं, त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडाने मढवलेल्या जड फळ्या. बोट पुढे चालते, फळ्या पाण्याच्या दाबाने बाहेर पसरतात, आणि जाळं समुद्राच्या तळावरून फरफटत जातं. तळावर जे असेल ते आत. तास-दोन तास, कधी तीन तास ओढायचं, मग यंत्राने वर घ्यायचं आणि पिशवीची गाठ सोडायची. पहिल्या वेळी ती गाठ सुटली तेव्हा उमेंद्रला वाटलं होतं की कुणीतरी अख्खं गाव उपसून समोर ओतलं आहे. कोळंबी हवी होती, ती एका टोपलीपुरती. बाकी बोटाएवढे मासे, खेकड्यांची पिल्लं, समुद्रसाप, शेपटीत काटा असलेले चपटे पाखट, शिंपले, नाव माहीत नसलेलं कितीतरी. त्यातलं बरंचसं खोऱ्याने परत समुद्रात जायचं, आणि परत जाणाऱ्यातलं फार थोडं हलत असायचं. उरलेला बारीक मासा कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्याकडे जायचा.

आणि अधूनमधून कासव यायचं.

समुद्राचं कासव बुढीसारखं मऊ नसतं. हिरवट राखाडी, घट्ट पाठीचं, पायांच्या जागी वल्ह्यांसारखे पर. पहिलं आलं तेव्हा ते माशांच्या ढिगात मान टाकून पडलं होतं. डोळे मिटलेले. खलाशांपैकी एकाने त्याला पायाने ढकललं.

"मेलंय. टाक रे दर्यात."

"थांबा थांबा," उमेंद्र पुढे झाला. त्याने त्याच्या डोळ्याजवळ बोट नेलं. पापणी किंचित हलली. "जितं हाय!"

त्याने ते दोन्ही हातांनी उचललं. वजन धानाच्या अर्ध्या पोत्याएवढं. बोटीच्या कडेला वाकून, पाण्याला जमेल तेवढं जवळ नेऊन, त्याने ते हळूच सोडलं. कासव क्षणभर पाण्यावर राहिलं आणि सरळ खाली गेलं. दिसेनासं झालं.

"बघा, कसं गेलं झपकन!"

तांडेल सुकाणूवरून म्हणाला, "गोंदियावाल्या, लेकीला सासरी धाडतोयस की काय? ओटी भर तिची."

बोट हसली. पण पुढे कासव आलं की ते काम आपोआप उमेंद्रकडे आलं. बाकीचे फेकायचे, तो सोडायचा. तळावरून वर यायला लागलेला उशीर भरून काढावा, एक क्षणही त्याला कोरड्यात ठेवू नये, म्हणून तो हातातलं काम टाकून धावायचा. पाण्यातलं जनावर पाण्यात गेलं पाहिजे. तलावाकाठी वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

बोट किनाऱ्याजवळ आली, मोबाइलला नेटवर्क आलं, की तो आईला फोन लावायचा.

"माय, आज एक सोडलो."

"जितं होतं ना रे?"

"जितंच. पान्यात टाकलो का लगेच खाली गेलं."

"बरं केलास बाबू. असंच करत जाय. लगेच सोडत जाय, तडफडू नको देऊ त्यायले."

वच्छला मग सकाळी बोडीवर बुढीला बातमी द्यायची, आणि नंतर अख्ख्या गावाला. महाशिवरात्रीला प्रतापगडावर गेली की महादेवाला वर्षभरातल्या प्रत्येक कासवाच्या नावाने नारळ फोडायची. गावातल्या बायका म्हणायच्या, वच्छलाबाईचं पोट धन्य आहे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि खलाशी जाळी विणत बसतात. अशाच एका बंदीच्या दिवसांत बंदरावरच्या हॉलमध्ये प्रशिक्षण ठेवलं होतं. गुंजन नावाची एक तरुण मॅडम आली होती. तिने जाळ्याच्या गळ्यात बसवायची एक तिरकी लोखंडी चौकट दाखवली. कासव तिच्यावर आपटतं आणि वरच्या झडपेतून बाहेर निसटतं, मासा मात्र पुढे जातो. उमेंद्रला ती चौकट फार आवडली. किती साधी गोष्ट, त्याच्या मनात आलं, आयटीआयच्या वर्कशॉपमध्येही बनली असती. तो पहिल्या रांगेत जाऊन बसला.

मग गुंजन मॅडमने रबराचं एक कासव टेबलावर ठेवलं.

"आता जाळ्यात कासव आलंच, आणि ते निपचित पडलेलं असलं, तर काय कराल?"

"पाण्यात सोडू," उमेंद्र सगळ्यांच्या आधी बोलला. "लगेच."

"सगळे हेच सांगतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "कासवाला मासा समजू नका. त्याला आपल्यासारखी फुफ्फुसं असतात. श्वास घ्यायला ते वर येतं. तुमच्या जाळ्यात ते तास-दोन तास पाण्याखाली अडकून असतं. त्याच्या फुफ्फुसात पाणी जातं, ते बेशुद्ध पडतं. त्या अवस्थेत पाण्यात टाकलं तर ते बुडतं. त्याला बोटीवरच ठेवायचं. पोटावर. मागची बाजू थोडी उंच, म्हणजे पाणी तोंडावाटे निघतं. अंगावर ओलं फडकं. आणि थांबायचं. काही तास लागतील, कधी अख्खा दिवस."

उमेंद्र उभा राहिला.

"पन मॅडम, पाण्यात सोडल्यावर ते खाली जाते ना. पोहत."

"पोहणारं कासव पर मारतं, आणि थोड्या वेळात श्वासाला वर येतं. नुसतं सरळ खाली जातं ते..." ती थांबली. समोरच्या तरुणाच्या चेहऱ्यात काहीतरी बदललेलं तिला दिसलं असावं. "ते पोहत नसतं, दादा."

उमेंद्र खाली बसला. मागून तांडेल हलकेच म्हणाला, "जाऊ दे रे. कुणाला ठाऊक होतं?"

खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. पण बाकीच्यांनी मेलं समजून फेकलं होतं. जितं आहे हे माहीत असून पाण्यात सोडणारा तो एकटाच होता.

त्यानंतर तो एक हंगाम थांबला, केवळ एका कासवासाठी. एक जरी आलं तरी मागची बाजू उंच करून, ओलं फडकं घालून आपण दिवसभर बसू, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याने केबिनमागे जागा मोकळी करून ठेवली, पोती घडी करून ठेवली. त्या हंगामात त्यांच्या जाळ्यात एकही कासव आलं नाही. वच्छलाने फोनवर विचारलं, "आजकाल सोडत नाई का रे कासव?" तो म्हणाला, "येऊनच नाई राहिले, माय."

हंगाम संपला तसा तो गावी आला आणि परत गेला नाही.

वर्ष गेलं. मोठा भाऊ धर्मेंद्र उन्हाळी धान लावायचा, उमेंद्र मोटारी दुरुस्त करायचा आणि शेतात हात लावायचा. बोडीत धर्मेंद्रने रोहू आणि कतला सोडले होते. मासे तयार झाले तसं तो गोंदियाच्या बाजारातून तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं घेऊन आला. पाण्यात दिसतसुद्धा नाही इतकं बारीक.

"तू बांध बे," तो उमेंद्रला म्हणाला. "तुह्यासारखा जाळेवाला घरात असताना मी कायले हात लावू?"

"दिवसा लावू. आन् मी बसतो काठावर."

"दिवसा कोनता मासा तुह्या जाळ्यात येते, तुहं तोंड पाहाले? संध्याकाळी टाकाचं, सकाळी काढाचं. सारे तसंच करतात."

"बुढी अडकन त?"

"ती आपल्या बापाच्या फावड्यातून वाचली, तंगुसात मरन का? आन् मी त्या दगडाकडून लांब टाकायले लावतो ना."

उमेंद्रने जाळं बांधलं. दगडापासून जितकं लांब जमेल तितकं. गाठी त्याच्या हाताच्या होत्या, पक्क्या.

मोहफुलं पडायचे दिवस होते. सकाळी उजाडताच वच्छला टोपली घेऊन पारीवर फुलं वेचत होती आणि दोघे भाऊ जाळं काढत होते. रोहू आले, कतला आले. धर्मेंद्र खूश होता. मग जाळं जड लागलं. उमेंद्रने ते हातभर ओढलं आणि पाण्याखालून पाठीची कड वर आली. कडेला खाच.

तंगूस मानेभोवती आणि पुढच्या पायांत गुंडाळलं होतं. कापून काढायला वेळ लागला. बुढीची मान लोंबत होती.

"गेली," धर्मेंद्र म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. "माय मले मारून टाकन."

उमेंद्रने डोळ्याजवळ बोट नेलं. पापणी हलली. किंचित, पण हलली.

समुद्रावर हंगामभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. त्याने बुढीला छातीशी धरून काठावर आणलं, मोहाच्या सावलीत दोन पोती अंथरली, तिला पोटावर ठेवलं आणि मागच्या बाजूला विटा लावल्या. तोंडातून पाण्याची बारीक धार निघाली. त्याने स्वतःचा गमछा भिजवून पाठीवर घातला. काय करायचं ते हातांना माहीत होतं.

धर्मेंद्र मासे घेऊन घाईघाईने बाजाराच्या गाडीकडे गेला. वच्छला फुलांची टोपली टाकून खाली आली.

"माहे बाई! काय झालं तिले?"

"जाळ्यात आली. जित्ती हाय, माय. होईन बरी."

"मंग कोरड्यात काऊन ठेवलास? पान्याचं जनावर ते. सोड ना पान्यात!"

"आता नाई. असूच दे."

"काऊन असू दे? तू त तिकडे लगेच सोडत होतास. फोनवर सांगत होतास ना, पान्यात टाकलो का लगेच गेलं म्हनून?"

उमेंद्रने आईकडे पाहिलं. सांगायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं. एकच वाक्य लागत होतं. पण त्या वाक्याच्या मागे समुद्रातली सगळी कासवं रांग लावून उभी होती, आणि त्या प्रत्येकाच्या नावाने प्रतापगडावर फुटलेला नारळ.

"ते समुद्राचे वेगळे असतात," तो म्हणाला. "तू फक्त हिले हात लावू नको. मी वर जाऊन एक फोन करून येतो."

बोडीच्या काठी नेटवर्क नसतं, पारीवर चढावं लागतं. तो चढला. गुंजन मॅडमचा नंबर त्याने जपून ठेवला होता, कधी लावला नव्हता. तिला गोंदियावाला खलाशी आठवत होता.

"समुद्राचं नाही मॅडम, तलावाचं हाय. मऊ पाठीचं."

"तेही श्वास घ्यायला वर येतंच. तसंच करा. मागची बाजू उंच, अंग ओलं. आणि पाण्यात अजिबात नाही. पाय हलले तरी नाही."

"पाय हलले तरी?"

"तरी नाही. नेमकं तेव्हाच लोक घाई करतात. शुद्ध यायला लागलेली असते, पण पोहायचं बळ नसतं. मान उचलून स्वतः चालू लागेपर्यंत थांबा. तुम्ही तिथेच बसून आहात ना?"

"माय बसली हाय," उमेंद्र म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने खाली पाहिलं.

पोत्यांवर फक्त गमछा होता. वच्छला गुडघाभर पाण्यात उभी होती. लुगड्याचा काठ भिजलेला, दोन्ही हात रिकामे.

तो पारीवरून कसा उतरला ते त्यालाही कळलं नाही. वच्छला हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं.

"अरे, तू गेलास आन् तिनं पाय हलवले! दोन्ही पाय, पान्याकडे. मले म्हने, सोड मले घरी. मंग मी कायले थांबतो? उचलली आन् ठेवली पान्यात. अशी, हळूच. तू सांगत होतास तशी."

"मंग?"

"मंग काय, लगेच खाली गेली. झपकन."

उमेंद्र कपड्यांसकट पाण्यात शिरला. पायांनी गाळ चाचपत, हात बुडवून तो फिरला. छातीएवढ्या पाण्यात गेला. तळाला गाळ मऊ आणि खोल. हाताला कमळाचे देठ लागले, तंगुसाचा एक तुकडा लागला, दुसरं काही लागलं नाही.

"अरे, कायले तरास देऊन राहिला तिले!" वच्छला काठावरून ओरडली. "आताच त घरी गेली बिचारी! ये बाहेर. पागल हाय का तू?"

तो पाण्यात उभा राहिला. आई गमछा पिळून त्याच्यासाठी हातात धरून उभी होती.

"गेली ना रे नीट?" तिने विचारलं.

"गेली," उमेंद्र म्हणाला.

पुढचे काही दिवस वच्छला खरड ठेवून दगडामागे बसत राहिली. नाक वर आलं नाही. "रुसली असन," ती म्हणायची. "जाळ्याचा धाक बसला." खरड दुसऱ्या दिवशी नसायची, मासे खाऊन जात. त्यावरून ती समजूत घालून घ्यायची. उमेंद्र तिच्या आधी उठून बोडीला एक चक्कर मारायचा. काय शोधतो ते कुणी विचारलं नाही.

एका सकाळी बेशरमाच्या झुडपात ती तरंगत असलेली त्याला दिसली. त्याने फावडं आणलं आणि पारीच्या मागे, घरावरून दिसणार नाही अशा जागी खड्डा खणायला घेतला. बुढीला त्याने गमछ्यात गुंडाळलं होतं. अर्धा खड्डा झाला असेल, तेवढ्यात मागे गंज खाली ठेवल्याचा आवाज झाला.

वच्छलाने काही न बोलता गमछ्याचं टोक उचललं. पाठीच्या कडेवरून बोट फिरवलं. खाचेपाशी बोट थांबलं.

"मी सोडली तवाच मेली का?"

उमेंद्रला खोटं बोलता आलं असतं. म्हातारी झाली होती म्हणता आलं असतं. पण आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फावडं टाकलं आणि तिच्यासमोर मातीत बसला. फुफ्फुसापासून सगळं सांगितलं. बेशुद्ध कासव बुडतं. सरळ खाली जातं ते पोहत नसतं. थांबावं लागतं.

"म्हनजे तुले मालूम होतं."

"हो."

"आन् तू मले सांगतला नाई. हात नको लावू म्हनलास, पन काऊन ते नाई सांगतला."

"ते सांगतलो असतो त माहे पन सांगा लागले असते."

"तुहे कोनते?"

वच्छला त्याच्याकडे पाहत राहिली, आणि हळूहळू तिला उमगत गेलं. तिचा हात तोंडाशी गेला.

"फोनवर सांगत होतास ते? सारे?"

"सारे नाई कदाचित. एखादं चांगलं सावध असन, गेलं असन पोहत. पन जे लगेच खाली गेले..."

"मी नारळ फोडले रे बाबू," ती म्हणाली. "मीच सांगतली तुले. लगेच सोडत जाय म्हनून."

"तुले काय माहीत?"

"आन् तुले?"

वच्छलाने गंज उचलला. त्यातली खरड हाताने काढून खड्ड्याच्या तळाला ठेवली. "खोल खन," ती म्हणाली. "कुत्रे उकरतीन."

त्यानंतर ती त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलत असे, जेवायला वाढत असे. पण समुद्राचं नाव घरात निघालं नाही. पानठेल्यावर कुणी समुद्रवाला म्हटलं तर उमेंद्र आता हसतही नसे. धर्मेंद्रने जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. पण बोडीतले मासे काढायचे तर होतेच. उन्हाने पाणी आटत चाललं होतं, मासे तडफडून मेले असते.

शेवटी वच्छलाच म्हणाली, "टाक जाळं. दिवसा टाक. मी बसतो."

धर्मेंद्रने आईचा चेहरा पाहिला आणि माळ्यावरून जाळं काढलं.

ती काठावर सावलीत बसायची आणि घडीघडी जाळ्यावर तरंगणाऱ्या बोच्यांकडे पाहायची. बोचा हलला की "पाह्य रे, पाह्य!" म्हणून दोघांना पाण्यात उतरवायची. मासे कमी मिळायचे. धर्मेंद्र कुरकुरायचा, पण लहान आवाजात.

एकदा दुपारी जाळ्यात एक लहानसं कासव आलं. ताटलीएवढं. बुढीचं पिल्लू होतं की दुसरंच कोणतं, कोण सांगणार. कधी अडकलं कळलं नव्हतं, बोचा फारसा हललाच नाही. मान लोंबत होती. उमेंद्र पुढे झाला, पण वच्छलाने ते त्याच्या हातून घेतलं. पोत्यावर पोटावर ठेवलं. मागे वीट लावली. पदर भिजवून पाठीवर घातला आणि समोर बसली.

थोड्या वेळाने त्याने एक पाय हलवला. मग दुसरा. पाण्याच्या दिशेने.

वच्छलाचे हात पुढे आले. अर्ध्यावरच तिने ते मागे घेतले आणि दोन्ही पंजे मांडीखाली दाबून त्यावर बसली. ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही तिने हात बाहेर काढले नाहीत. उमेंद्र तिच्या शेजारी बसला. मोहाची सावली सरकत गेली, ऊन त्यांच्या पायांवर आलं, तसं त्यांनी पोतं तेवढं सावलीत ओढलं.

दिवस कलला तेव्हा कासवाने मान उचलली. इकडेतिकडे पाहिलं. मग पोत्यावरून उतरलं, मातीतून वेडंवाकडं चालत पाण्याशी गेलं आणि पाय मारत निघून गेलं. काही अंतरावर त्याचं नाक वर आलं, आणि परत खाली गेलं.

वच्छला त्या जागेकडे पाहत राहिली.

"बस, इतकंच?" तिने विचारलं.

"हो माय. इतकंच."

तिने मांडीखालून हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. ते चोळत ती उठली, ओला पदर डोक्यावर घेतला आणि मागे न पाहता घराकडे चालू लागली. उमेंद्र जाळं गुंडाळायला पाण्यात उतरला.